वच्छीकाकूंचा गळा

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज छपाईच्या यंत्राचा. त्याच्या खालोखाल माझा. आणि हे दोन्ही आवाज एका झटक्यात गप्प करणारा तिसरा आवाज माझ्या यमुआत्याचा. नाशकात रविवार कारंजाकडून नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना होता. खाली छापखाना, वर आम्ही. पायाने हाणायचं ते यंत्र दिवसभर खटाक-धप्प, खटाक-धप्प करत राही आणि त्या हादऱ्याने माडीवरची भांडी फळीवरून हळूहळू पुढे सरकत. संध्याकाळी आई ती पुन्हा भिंतीशी ढकलून ठेवी. आमच्या वरणाला शाईचा वास येतो असं पाहुणे म्हणत. आम्हाला तो कधीच आला नाही. पलीकडून तांबट आळीची ठोकाठोक, खालून टांग्यांची खडखड, देवळांच्या घंटा, आणि या सगळ्यावर ताण करून एकमेकांना हाका मारणारी माणसं. असल्या गोंगाटात वाढलेली मुलगी हळू बोलायला शिकणार कुठून? मला मोठेपणी लोकांनी तोंडाळ म्हटलं. म्हणू देत. मी अजूनही तशीच आहे.

मी लिहायला शिकले ती पत्रकं. शाळेतले निबंध मला कधी जमले नाहीत, कारण त्यात शेवटी सगळ्यांचं बरोबर असतं. पत्रकात तसं नसतं. आमचं एक तरुण मुलामुलींचं मंडळ होतं. हुंडा, दारू, शिवाशिव, जे दिसेल त्याच्यावर आम्ही तुटून पडायचो. 'लाज वाटते का?', 'अजून किती झोपणार?' असले मथळे मी स्वतः शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून लावायची आणि घाटावर उभी राहून पत्रकं वाटायची. लोक ती घेत, वाचल्यासारखं करत आणि त्यात फुटाणे बांधून घरी नेत. अप्पा मात्र शांत. सकाळी सत्यनारायणाच्या पूजेची आमंत्रणं छापायचे आणि दुपारी त्याच पूजेवर कोरडे ओढणारं माझं पत्रक. "शाई दोघांना तीच लागते," असं म्हणून चष्मा पुसायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. आता मी त्यांच्याहून म्हातारी झाले, तरी थोडा येतोच.

यमुआत्या अप्पांची धाकटी बहीण. फार लवकर कपाळ मोकळं झालं आणि कडेवर शकूला घेऊन ती आमच्याकडे आली. शकू माझ्याच बरोबरीची. आम्ही एका ताटात जेवलो, एका गोधडीत भांडलो. आत्याचा आवाज गोड नव्हता हे आधीच सांगते, कारण गोड म्हटलं की लोकांना साखर आठवते. तो जाडसर होता, कडेला किंचित खरखरीत, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा. पण ती तांदूळ निवडत सहज गुणगुणायला लागली तरी ऐकणाऱ्याच्या छातीत काहीतरी जागचं हलायचं. यंत्र चालवणारा तुकाराम गिरणाऱ्याकडचा, अंगाने पहिलवान. तो वर येऊन आईला सांगायचा, "वैनी, आत्याबायला सांगा ना जरा दम धरा म्हणून. त्या गायला लागल्या का माझा पाय चालत नाय. कागद लय वाया जातो." खोटं नाही. अर्ध्या छापलेल्या, अर्ध्या कोऱ्या पत्रिकांचा एक ढीगच पडायचा. त्यांच्या मागच्या बाजूला मी माझी पत्रकं लिहायची.

श्रावणात बांगड्या भरायला हसनभाई यायचे. आई, शकू, मी, शेजारणी अशा ओट्यावर रांगेने बसायचो. आत्या अर्थातच रांगेत नसायची; ती आत वाती वळत असायची, आणि वाती वळताना तिला गाणं फुटायचं. हसनभाई हातातला हात तसाच धरून दाराकडे बघत बसायचे. मग भानावर येऊन म्हणायचे, "आपा, गाना थोडा बंद करो. नहीं तो सब चूड़ियाँ मेरेच हाथ में टूटेंगी." आतून आत्या हसायची. त्या माणसाने इतकी वर्षं आमच्या ओट्यावर काच विकली, पण आत्याच्या मनगटाचं माप काही त्यांना कधी कळलं नाही. का कळू नये? यावर मी पत्रक लिहिलं होतं. त्यातही फुटाणेच गेले.

आता मुख्य भानगडीकडे येते. लग्नात अंतरपाट धरला की मंगलाष्टकं म्हणायची, आणि ती चांगल्या गळ्याने म्हटली गेली तर लग्न सजतं, हे आमच्याकडे सगळ्यांना मान्य. मुलीकडच्यांच्या डोळ्यांतून पाणी निघालं नाही तर लोक घरी जाताना म्हणत, "लग्न कोरडंच झालं हो." साऱ्या आळीत रडवणारा गळा एकच, आणि तो नेमका विधवेचा. विधवेने त्या वेळी मांडवात यायचं नाही. म्हणजे तिने लाडू वळायचे, कुरडया घालायच्या, पहाटे उठून पाहुण्यांचं पाणी तापवायचं, सगळं तिच्या हाताचं चालायचं. फक्त अंतरपाट धरला की तिने कोठीच्या खोलीत जाऊन बसायचं. मग आळीतल्या शहाण्या बायकांनी एक तोड काढली. कोठीची खिडकी मांडवाकडे उघडत असेल तर तिच्यावर लुगड्याचा पडदा टाकायचा. आत्याने आतून गायचं आणि पडद्यापुढे एका सवाष्ण बाईने उभं राहून नुसते ओठ हलवायचे. ही सवाष्ण म्हणजे आमच्या समोरच्या वच्छीकाकू.

वच्छीकाकूंच्या यजमानांचं भांड्यांचं दुकान होतं. बाई धिप्पाड, नाकात ही एवढी टपोऱ्या मोत्यांची नथ, उभ्या राहिल्या की मांडवाचा एक खांब झाकून जायचा. मनाने अगदी लोणी. पण गळा! त्यांनी मांजराला हाक मारली तर कुत्री पळायची. अशा बाईचं नाव होता होता पंचवटीपासून भद्रकालीपर्यंत झालं. "गळा म्हणजे वच्छीकाकूंचा," असं अनोळखी बायका बोळाच्या तोंडाशी टांगा थांबवून सांगायच्या. काकू आधी लाजायच्या, मग घाबरायच्या आणि मग, खरं सांगायचं तर, थोड्या फुलायच्या. खण-नारळ मिळाला की पदराखाली लपवून थेट आमच्याकडे आणायच्या. "यमूताई, हे तुमचं. माझं नुसतं तोंड दुखलं." रंगीत खण आत्याला चालत नसत. त्यामुळे त्या काळातली माझी आणि शकूची सगळी पोलकी परक्या लग्नांतली आहेत. आज सिनेमात एक बाई ओठ हलवते आणि दुसरीच गाते, त्याचं कोणाला काही वाटत नाही. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. म्हटलं, आमच्या कोठीतला शोध बाजारात आला! पण फरक आहे. तिथे गाणारी घरी जाताना गाडीतून जाते. आत्या कोठीतून निघून उष्टी काढायला जायची.

मग शकूचंच लग्न ठरलं. मुलगा शाळामास्तर, सरळ, शकूला आवडलेला. तिने हे मला गच्चीवर पापड वाळत घालताना सांगितलं आणि सांगताना दोन पापडांवर पाय दिला. पण मुलाचे वडील त्र्यंबकचे शास्त्रीबुवा. यात्रेकरूंची पूजाअर्चा करणारं घर. सोवळं असं की सावलीलासुद्धा वळसा घालायचा. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. "घड्याळ साहेबाचं. सूर्य आपला," म्हणायचे. मुहूर्तासाठी ते स्वतःचं घटिकापात्र आणणार होते: तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, पाण्याच्या घंगाळात सोडायची, भरून बुडाली की मुहूर्त. बैठकीत सगळं ठरल्यावर शास्त्रीबुवा उठता उठता अप्पांना म्हणाले, "आणि हो. तुमच्या आळीतल्या त्या वच्छीकाकू अष्टकं म्हणणार ना? माझ्या भाच्याच्या लग्नात ऐकलं होतं त्यांना. काय गळा हो! मी सहसा रडत नाही. पण त्या दिवशी उपरणं भिजलं."

अप्पांनी चष्मा पुसला. दाराआड मी शकूला असा चिमटा काढला की ती ओरडलीच.

त्या रात्रीचं जेवण आईने पुरणपोळीचं केलं होतं. मी ताटावरच सुरू केलं. "स्वतःच्या पोटच्या मुलीचं लग्न, आणि आई पापडाच्या डब्यांत? आणि वर त्या म्हाताऱ्याला गळा हवाय! गळा चालतो आणि तोंड चालत नाही? मी पत्रक काढणार. मांडवाच्या दारातच वाटते त्र्यंबककरांना."

"इंदे," शकू म्हणाली, "माझं लग्न आहे. तुझी सभा नाही."

"तुझं लग्न आहे म्हणूनच!"

"वन्सं, तुम्हीच सांगा हो हिला," आई म्हणाली. "लग्न मोडलं तर या पोरीला दारात कोण उभं करील?"

आत्याने पोळीवर तूप वाढलं. माझ्याही वाढलं. मग म्हणाली, "इंदू, तुझं खरं आहे. पण मला शकूच्या लग्नात गायचंय. तिच्या पाळण्यापाशी गायले, तिच्या आजारपणात गायले. हे एक राहिलंय. कोठीतून तर कोठीतून. तू खरं बोलायला जाशील आणि माझं तेवढंही जाईल."

मी मुकाट्याने पोळी खाल्ली. पण मुकाट्याने खाल्लेली गोष्ट मला पचत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसता धुमाकूळ. वर रोज बेसन भाजल्याचा वास, खाली शाईचा. तुकारामच्या अंगाला दोन्ही. आत्याने अष्टकं स्वतः रचली होती आणि ती मी गुलाबी कागदावर छापली. नेहमीची अष्टकं काकूंच्या ओठांना सवयीची झाली होती, ही नवी. शिवाय आत्याने यावेळी मध्ये मध्ये अशा काही जागा घेतल्या होत्या की काकूंचं तोंड मिटायचं आणि सूर चालूच राहायचा. कधी सूर थांबायचा आणि काकू आ वासून उभ्या. शकू आणि मी जमिनीवर लोळून हसायचो. शेवटी शकूनेच युक्ती काढली. एक काळा दोरा घेतला. त्याचं एक टोक काकूंच्या डाव्या मनगटाला, बांगड्यांत लपवून. दुसरं पडद्यातून आत, आत्याच्या बोटाला. आत्याला मांडव दिसायचा नाही, म्हणून भटजींनी मान हलवली की काकूंनी बाहेरून दोरा ओढायचा, म्हणजे आत्याने सुरू करायचं. आणि कडवं संपत आलं की आत्याने आतून ओढायचा, म्हणजे काकूंनी तोंड मिटायचं.

"मी काय बैल आहे का गं कासऱ्याला बांधायला?" काकू म्हणाल्या.

"बैल बरा," आई म्हणाली. "बैल तोंड मिटून तरी असतो."

लग्नाच्या दिवशी त्र्यंबकहून वऱ्हाड दमण्यांतून आलं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी बोळ भरून गेला. आमचा मांडव बोळातच, घराला लागून. कोठीची खिडकी अगदी मोक्यावर. शास्त्रीबुवा उतरले ते छातीशी घटिकापात्र धरून, तान्हं मूल धरावं तसे. त्यांनी घंगाळ तपासलं, पाणी तपासलं, सूर्य तपासला. मग वच्छीकाकूंना पाहून दोन्ही हात जोडले. काकूंनी पण जोडले. त्यात दोरा ओढला गेला असावा, कारण कोठीतून आत्याने एकदम "आ" लावला. काकूंनी प्रसंग ओळखून खोकल्याचं निमित्त केलं. "रियाज," अप्पा पुटपुटले. शास्त्रीबुवांनी आदराने मान डोलावली.

अंतरपाट धरला. अलीकडे मास्तर, पलीकडे पिवळ्या नेसूची शकू, तिच्यामागे मामा-मामी म्हणून माझे अप्पा आणि आई. मी खिडकीशेजारी, काही बिनसलं तर सावरायला. भटजींनी मान हलवली, काकूंनी दोरा ओढला, आणि आत्याने सुरुवात केली.

मी तिला जन्मभर ऐकलं होतं, पण त्या दिवशीसारखं नाही. पडद्यामागून येणारा आवाज असा येत होता की जणू कोणी हळूच मागून येऊन खांद्यावर हात ठेवावा. पहिल्या कडव्यालाच वऱ्हाडातल्या बायकांच्या नाकांचे आवाज सुरू झाले. मास्तरांचे कान लाल झाले. तांबट आळीत कोणीतरी हातोडा थांबवला असावा. नाहीतर बोळात एवढी शांतता मी ऐकलीच नव्हती. शास्त्रीबुवांनी उपरण्याचं टोक तयारच ठेवलं होतं. काकू ओठ हलवत होत्या, अगदी फक्कड, आणि दुसरं कडवंही पार पडलं. मग तिसरं आलं:

ज्या दारी हसली, जिथे रुसलि ती, त्या आज दारातुनी
जाते लेक पुढे, वळून बघते, आसू उभे लोचनी…

हे कडवं तालमीत काकूंनी इतक्या वेळा हलवलं होतं. पण तालमीत शकू समोर पिवळं नेसून उभी नव्हती. शकूने खरोखरच मान वळवली. ज्या खिडकीतून आवाज येत होता त्या खिडकीकडे, म्हणजे बिचाऱ्या काकूंकडे. आणि काकूंना दाटून आलं. स्वतःची लेक त्यांनी नांदगावला दिली होती, कधी वर्षातून एकदा दिसायची. त्यांचे ओठ थरथरले, मिटले, आणि मग त्या जोरात, अगदी त्यांच्या स्वतःच्या आवाजात, भोंगा सुटावा तशा रडू लागल्या. पदर तोंडाला लावून ढसाढसा. नाक शिंकरलं. आणि गाणं चालूच!

गाणं चालूच होतं, काय सांगू तुम्हाला. एकीकडे काकू हुंदके देतायत आणि त्यांच्याच पोटातून येत असल्यासारखा लांबलचक सूर वर वर चढतोय. आत्याला काय कळणार? तिने ठरल्याप्रमाणे कडव्याच्या शेवटी दोरा ओढला. काकूंचा पदर धरलेला हात खाली गेला. काकूंनी तो पुन्हा डोळ्यांना लावला. आत्याने पुन्हा ओढला. हात वर, हात खाली, हात वर, हात खाली, जणू बाई रडता रडता कोणाला सलाम करतायत. वऱ्हाडात पहिलं हसू फुटलं ते कुणा बाईचं, आणि मग अंतरपाट धरणारे दोघंही असे हलायला लागले की मास्तरांना आणि शकूला एकमेकांचा एक-एक डोळा दिसून गेला.

शास्त्रीबुवा पुढे आले. डोळे लाल, मिशा ओल्या. "हा दोरा कसला?" असं म्हणून त्यांनी तो चिमटीत धरला आणि ओढला.

आतून चौथं कडवं खणखणीत सुरू झालं.

त्यांनी दोरा असा टाकला की जणू विंचू. "गातंय कोण?" ते गरजले. कोठीतला आवाज तुटला. अप्पा यंत्रात कागद अडकल्यासारखे उभे. आई शकूचा खांदा घट्ट धरून. शकूचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्याकडे पाहून मला वाटलं, आता बोलू नये. पण आता गप्प राहिलं तर खोटं आणखी लांबणार होतं, आणि लांबलेलं खोटं शकूच सासरी जन्मभर ओढत बसली असती.

"नवरीची आई गातेय," मी म्हणाले. "ज्या गळ्याने तुमचं उपरणं भिजलं, तो हाच गळा. आम्ही तो कोठीत ठेवतो. पापडांच्या डब्यांजवळ."

"विधवा? मंगलाष्टकं? अहो, घोर अमंगळ! माझ्या भाच्याच्या लग्नातही?"

"त्याही लग्नात. कसा आहे तुमचा भाचा?"

वऱ्हाडातून एक म्हातारी पटकन म्हणाली, "सुखात आहे हो. पाठोपाठ दोन मुलगे झाले." सगळा मांडव हसला. शास्त्रीबुवा तिच्याकडे वळले तशी तिने पदर तोंडात कोंबला.

"लग्न होणार नाही," ते म्हणाले. हसणं विझलं. शकूने डोळे मिटले. मास्तर अंतरपाटाच्या अलीकडून "बाबा" एवढंच म्हणाले, पण ते असं म्हणाले की मला तो माणूस त्या क्षणी आवडला.

तेवढ्यात घंगाळाशी बसलेले भटजी ओरडले, "शास्त्रीबुवा! पात्र भरत आलंय. मुहूर्त टळला तर पुढचा मार्गशीर्षात. आणि अष्टकं अर्धवट तोडली, याला शास्त्रात काय म्हणतात ते तुम्हीच मला शिकवलंत."

शास्त्रीबुवांनी पाण्याकडे पाहिलं. वाटी अर्ध्याहून जास्त पाण्यात गेली होती. त्यांचं स्वतःचं पात्र, त्यांचा स्वतःचा सूर्य. "मग म्हणा कोणीतरी!" ते म्हणाले. "म्हणा हो काकू!"

वच्छीकाकूंनी डोळे पुसले, छाती भरून श्वास घेतला आणि त्या स्वतः म्हणायला लागल्या. बोळाच्या टोकाला टांग्याचा घोडा खिंकाळला. वऱ्हाडातल्या बायकाच कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "नको नको! तिलाच म्हणू द्या! आतलीला!" आणि मग पुरुषही. "शास्त्रीबुवा, आतल्या बाईंना म्हणू द्या हो." लोकांना तो गळा हवा होता. जेवता जेवता कोणी ताट ओढून घ्यावं तसे ते चिडले होते.

शास्त्रीबुवांच्या कपाळावर घाम आला. "बरं, बरं! म्हणू द्या. पण आतूनच. जसं चाललं होतं तसं."

गाण्याऐवजी आतून आत्या बोलली. तिचा बोलायचा आवाज फार कोणी ऐकलाच नव्हता. साधा, थोडा थकलेला. "आतून नाही जमायचं आता, व्याही. इतकी वर्षं भिंतीला म्हणाले. आज लेकीला म्हणेन. तिचं तोंड दिसेल तिथून. नाहीतर माझा गळा बसला असं समजा."

मी खिडकीचा गज धरला. हीच का ती, कोठीतून तर कोठीतून म्हणणारी? मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, मोठ्याने हसावंसं वाटलं, मांडवभर फुगडी घालावीशी वाटली.

"चार आणेच भरायचं राहिलंय!" भटजींनी पाण्यावरून मान न उचलता ओरडून सांगितलं.

शास्त्रीबुवा एकदा शकूकडे, एकदा पोराकडे, एकदा पाण्याकडे पाहून ताडकन मागे फिरले. "मी काही पाहिलेलं नाही! ज्याला जे करायचं ते करा. मी पूर्वेकडे तोंड करून उभा आहे."

"ती पश्चिम आहे, शास्त्रीबुवा," कोणीतरी म्हणालं.

"मग पश्चिमेकडे!"

आणि ते मांडवाच्या खांबाला बांधलेल्या केळीकडे तोंड करून उभे राहिले. नाक केळीच्या पानाला लागलेलं.

कोठीचं दार उघडून आत्या आली. मातकट लुगडं, हाताला बेसन. काही बायकांनी तिला वाट देताना पदर सावरून घेतले, तिचा स्पर्श नको म्हणून. त्या कोण होत्या हे मला आजही पाठ आहे आणि मी विसरणार नाही. वच्छीकाकूंनी मात्र तिला दोन्ही हातांनी धरून अंतरपाटाशी आणलं, आपल्या जागेवर उभं केलं आणि स्वतः बाजूला झाल्या. दोरा अजून दोघींमध्ये लोंबत होता. शकूने डोळे उघडले. मायलेकी एकमेकींकडे पाहत होत्या, आणि आत्याने तुटलेलं कडवं जिथे तुटलं होतं तिथूनच उचललं.

ते गाणं मला शब्दांत नाही सांगता येत, आणि मी शब्दांनी जगलेली बाई आहे. एवढंच सांगते की आत्या रडत नव्हती. ती हसत गात होती. बाकी सगळे रडत होतो: मास्तर, मी, कानांवरचे हात काढलेल्या बायका, दारात उभा पहिलवान तुकाराम, केळीपुढे हलणारे ते दोन म्हातारे खांदे. ज्या माणसाला तिला चिडवून-चिडवून हरवता आलं असतं, त्याला तिने नुसतं गाऊन उभ्या जागी भिजवलं. रडता रडता आम्ही मूर्खासारखे हसतही होतो. शेवटची ओळ तिने सोडली, वाटी बुडाली, भटजी ओरडले, अंतरपाट खाली पडला आणि बोळात वाजंत्री फुटली. अक्षता उडाल्या.

शास्त्रीबुवा वळले नाहीत. शब्द दिला होता. त्यांनी मुठीतल्या अक्षता खांद्यावरून मागे भिरकावल्या, न बघता. मुलाकडे गेल्या नाहीत, सुनेकडे गेल्या नाहीत; त्या थेट आत्याच्या डोक्यावर पडल्या. लाल कुंकवाचे तांदूळ, मोकळ्या कपाळावरून ओघळत. बायका बघत राहिल्या. आई पुसायला पुढे झाली, तर आत्याने हाताने तिला अडवलं.

मग शास्त्रीबुवांनी, केळीकडे तोंड करूनच, शेजाऱ्याच्या ताटात हात घातला, आणखी एक मूठ भरली आणि पुन्हा मागे फेकली. नेम अगदी तोच.